घुमटाला धार नसते

"केबल कारनं वर जायचं? म्हणजे सिंहगडला जीपनं गेल्यासारखंच की!"

पुण्यातल्या पहिल्याच बैठकीत काकांनी मला गार केलं. रशियाच्या कॉकेशस पर्वतातल्या एल्ब्रुस शिखरावर माणसं घेऊन जाणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्या वर्षी नऊ जण होते. काका बँकेतून निवृत्त, वय एकसष्ट, नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढलेले. त्यांना उत्तरेची वाट हवी होती.

त्या वाटेला मान आहेच. १८२९ साली किल्लार खाशिरोव्ह एल्ब्रुसच्या पूर्व शिखरावर पोचला, तो उत्तरेकडूनच. तिथं आजही सामान पाठीवर वाहायचं आणि वरच्या कॅम्पपासून लेन्झ खडकांपर्यंत हिमभेगांमधून दोर बांधून चालायचं. दक्षिणेला मात्र पायथ्याच्या आझाउपासून तीन टप्प्यांची केबल कार थेट ३८५० मीटरच्या आसपास नेऊन सोडते, पुढे रॅट्रॅक, म्हणजे बर्फावर चालणारी पट्ट्यांची गाडी. मी दक्षिण निवडली ती एवढ्याचसाठी, की कुणाला उंची बाधली तर लवकर खाली आणता येतं. 'सोपी वाट' असं मी तोंडानं कधी म्हणालो नाही. माहितीपत्रकात मात्र तसं छापलं होतं, आणि ते मीच तपासलं होतं. याच बाजूला सप्टेंबर २०२१ मध्ये वादळात सापडून एका गटातले पाच जण गेले.

समिटच्या दिवशी पहाटे रॅट्रॅकमध्ये काका माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सकाळी नऊला पश्चिम शिखरावर, ५६४२ मीटरवर, त्यांनी खिशातून तिळाची वडी काढली आणि अर्धी मला दिली. म्हटलं, मिटलं.

खरा पेच उतरताना आला. दोन शिखरांमधल्या खिंडीत पोचेपर्यंत ढग भरला. आपल्या सह्याद्रीत धुकं आलं तरी धार, नाळ, कातळ काहीतरी हाताला लागतं. एल्ब्रुस ज्वालामुखी आहे, वरून बर्फाचा घुमट. घुमटाला धार नसते. चढताना कुठूनही वर गेलात तरी वाटा जवळजवळ येतात. उतरताना त्याच फाकत जातात, आणि वर चार अंश चुकलात की खाली भलत्याच हिमनदीवर निघता.

खिंडीतून निघालेली आमची वाट पूर्व शिखराच्या पोटातून तिरकी जाते आणि मग उजवीकडे खाली वळते. त्या तिरक्या पट्ट्यावर असताना ढगाला भोक पडलं. गटातला मॅरेथॉन धावणारा मुलगा ओरडला, "दादा, ते बघा, आपल्या मुक्कामाच्या खोल्या! इथून सरळ उतरू ना!" खाली खरंच काळे ठिपके होते. जीपीएसची बॅटरी थंडीनं मान टाकून बसली होती. आणि खोटं कशाला बोलू, अर्धा मिनिट मलाही ते पटलं.

"डोंगर डाव्या हाताला ठेवून आपण चाललोय ना रे?" मागून काका म्हणाले. "मग तो हात सोडायचा कशाला?"

शेजारी खुणेची काठी होती, तिच्यावर वीतभर बर्फाचे तुरे. हे तुरे वाऱ्याच्या तोंडाकडे वाढतात, आणि पहाटेपासून वारा पश्चिमेचा होता. पश्चिम कळली म्हणजे दक्षिण कळली. ठिपके होते त्या बाजूला आमच्या खोल्या असणं शक्यच नव्हतं.

मग ठरवलं, शेवटच्या माणसानं काठीला हात लावून उभं राहायचं. मी दोराच्या टोकाला पुढे जायचं, पुढची काठी सापडली की हाक मारायची. नाही सापडली, तर दोराच्या लांबीइतकाच कमानीसारखा फिरून शोधायचं. हाक आली की सगळे पुढे. एरवी तासाभरात संपणाऱ्या पट्ट्याला तीन तास लागले. तो मुलगा दोन वेळा चिडला, नंतर गप्प झाला. शेवटची काठी मला दिसलीच नाही, बुटाखालच्या क्रॅम्पॉनच्या काट्यांना लागली.

संध्याकाळी आकाश उघडलं. खोल्यांच्या दारातून खिंड स्वच्छ दिसत होती, आणि तिच्या सरळ खाली, आझाउ हिमनदीच्या बाजूला, निळ्या भेगा नि अधूनमधून काळे दगड. आमच्या 'खोल्या' त्या. मुलगा बराच वेळ तिकडे बघत उभा होता.

काका सूप पीत होते. वाटी अर्धी झाल्यावर म्हणाले, "उत्तरेच्या वाटेवर अशा काठ्या असतात का रे?"

"इतक्या नसतात, काका."

"हं," म्हणाले आणि पाव बुडवला.