वॅटपासून केल्विनपर्यंत: आमची वाटचाल

आमचा धंदा सुरू झाला तो चोक-स्टार्टर बदलण्यापासून. गिऱ्हाईक तेव्हा एकच विचारायचं, "किती वॅटचा?" उजेडाच्या रंगाचा विषय निघायचाच नाही. बल्ब म्हटला की पिवळा, ट्यूब म्हटली की पांढरी. बल्बची टंगस्टनची तार साधारण २७०० केल्विनपर्यंत तापायची, म्हणून तो पिवळा. त्याहून जास्त तापवली तर उजेड पांढरट व्हायचा, पण तार लवकर जळायची. घराघरातला तो पिवळा रंग कुणी आवडीने निवडलेला नव्हता, तो तारेच्या आयुष्याने ठरवला होता.

दिव्याच्या खोक्यावर उजेडाचा रंग केल्विनमध्ये, म्हणजे तापमानाच्या मापात, का लिहितात हे कोडं तिथूनच सुटतं. तापलेलं लोखंड आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळं आणि पुढे पांढरं दिसतं. तापमान वाढेल तसा उजेड निळ्याकडे सरकतो. मेणबत्ती १९०० च्या आसपास, हॅलोजन ३००० च्या. आकडा मोठा तितका उजेड निळसर, एवढं लक्षात ठेवलं तरी खोक्यावरचा आकडा वाचता येतो.

एलईडी मात्र तापून उजेड देत नाही. आत निळा उजेड देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. थोडा निळा उजेड फॉस्फर शोषून पिवळा करून सोडतो, उरलेला तसाच बाहेर येतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. ती निळी चिप बनवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. फॉस्फरचं मिश्रण बदललं की रंग बदलतो. म्हणून एकाच मापाचा, एकाच वॅटचा दिवा ३०००, ४००० आणि ६५०० अशा तीन रंगांत मिळू लागला, आणि आमच्या कामाची तऱ्हाच बदलली. आता वायरिंग बिनचूक असूनही गिऱ्हाईक नाराज असू शकत होतं.

एका ऑफिसच्या कामात हे नीट कळलं. सगळ्या डाउनलाइटच्या खोक्यांवर ४०००, पण छताखाली उभं राहिलं की एक रांग हिरवट आणि शेजारची किंचित गुलाबी. पुरवठादाराचं म्हणणं, आकडा बरोबर आहे. आकडा बरोबर होताही! केल्विन फक्त पिवळ्या-निळ्या दिशेचं सांगतो. रंगांच्या नकाशावर तापलेल्या वस्तूच्या रंगांची जी रेषा असते, तिच्या वर हिरवटपणा असतो आणि खाली गुलाबटपणा, त्याबद्दल तो आकडा गप्प असतो. दोन रंगांमधला फरक डोळ्याला कुठे जाणवू लागतो हे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकअॅडम यांनी १९४२ मध्येच मोजून ठेवलं होतं. आज 'तीन पायऱ्यांच्या आत' किंवा 'पाच पायऱ्यांच्या आत' असा माल मिळतो तो त्याच मापाने. तेव्हापासून एका खोलीचा माल आम्ही एकाच बिनचा, म्हणजे कारखान्यात रंग मोजून वेगळ्या काढलेल्या एकाच गटातला, घेतो आणि थोडे नग त्याच बिनमधले बाजूला ठेवतो. नाहीतर पुढे एखादा दिवा गेला की बदली नग नेमका वेगळा दिसतो आणि मग सगळं छत तिथेच बघत राहतं.

कापडवाल्यांनी आम्हाला पुढचा धडा शिकवला. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते शंभरपैकी सांगणारा आकडा म्हणजे सीआरआय. सीआरआय ८० चा दिवा, उजेड भरपूर, तरी लाल कापड विटकरी दिसायचं. सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ फिक्या नमुन्यांच्या सरासरीतून येतो. गडद लाल हा नववा नमुना, त्या सरासरीत तो धरतच नाहीत. त्यामुळे आम्ही त्या नवव्या नमुन्याचा आकडा, म्हणजे आर-नाइन, वेगळा विचारायला लागलो. पुष्कळ विक्रेत्यांना हा प्रश्न आवडत नाही, असा अनुभव आहे.

मग आली ट्युनेबल व्हाइट, म्हणजे रंग हवा तसा फिरवता येणारा पांढरा उजेड. कल्पना सोपी: एकाच पट्टीवर एक २७०० ची ओळ, एक ६५०० ची, आणि दोन्हींचं प्रमाण कमीजास्त करायचं. आम्ही तयार दिवे विकायचं सोडून स्वतः जुळवायला लागलो ते इथेच, कारण बाजारातला बराच माल मधल्या टप्प्यात मार खायचा. बाकावर पांढरा कागद ठेवून स्लायडर हळूहळू सरकवा. दोन्ही टोकं छान, पण मध्ये ३५००-४००० च्या आसपास कागद गुलाबट होतो. तापलेल्या वस्तूच्या रंगांचा मार्ग वक्र असतो आणि दोन एलईडींचं मिश्रण सरळ रेषेत चालतं. ती सरळ रेषा वक्राच्या खालून, म्हणजे गुलाबी बाजूने जाते. उपाय दोन आहेत: टोकाच्या एलईडी किंचित हिरवट बाजूच्या निवडायच्या, नाहीतर तिसरा चॅनल, म्हणजे वेगळ्या रंगाची तिसरी ओळ, घालायचा. स्वस्त कामाला आम्ही पहिला करतो, चांगल्या कामाला दुसरा.

दुसरी भानगड स्लायडरची. तो केल्विनमध्ये समान अंतराने चालवला तर पिवळ्या टोकाला रंग झपकन बदलतो आणि निळ्या टोकाला बराच सरकवूनही फरक दिसत नाही. म्हणून मायरेडमध्ये मोजायचं: दहा लाखाला केल्विनने भागायचं. २७०० वरून ३००० वर जाताना ३७ मायरेडचा फरक पडतो, ६२०० वरून ६५०० वर जाताना जेमतेम ७ चा. स्लायडर मायरेडने चालवला की हाताला आणि डोळ्याला एकच गोष्ट कळते. शिवाय दोन्ही चॅनल एकदम पूर्ण चालू केले तर मध्येच उजेड फुगतो, म्हणून दोन्हींची बेरीज ड्रायव्हरने, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटने, धरून ठेवायला हवी. गिऱ्हाईक विचारतं, "एलईडी दुप्पट, मग उजेड दुप्पट का नाही?" टोकाला गेल्यावर निम्म्या एलईडी बसून असतात, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

डिमिंगचं एकच सांगतो. पुष्कळ ड्रायव्हर उजेड भराभर चालू-बंद करूनच मंद करतात. वारंवारता कमी असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसतात आणि काहींचं डोकं दुखतं. उजेड पूर्ण विझून पेटत असेल तर आम्ही १२५० हर्ट्झच्या खाली जात नाही. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २०१५ च्या १७८९ क्रमांकाच्या मानकात कमी धोक्याची हद्द तीच धरलेली आहे.

हल्ली झोपेसाठी, तब्येतीसाठी दिवा द्या अशी मागणी येते. डोळ्यात ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला जागणाऱ्या वेगळ्या पेशी आहेत, हे खरं. पण नुसता केल्विन बघून भागत नाही. झगझगीत ३००० चा दिवा मंद ६५०० पेक्षा जास्त निळा उजेड डोळ्यात टाकू शकतो. म्हणून रात्रीसाठी आम्ही रंग पिवळा करतो आणि उजेडही उतरवतो. आजार बरा करायचं वचन मात्र देत नाही, मग शेजारचा देत असला तरी.

वापराबद्दलचं निरीक्षण असं की स्लायडरशी नव्याचे नऊ दिवस खेळ होतो, मग त्याला कुणी हात लावत नाही. आता आम्ही भिंतीवर तीन बटणं देतो, सकाळ, काम आणि रात्र, आणि स्लायडर ॲपमध्ये ठेवतो. ही तीन बटणं बहुतेकांना पुरतात.

सध्या डोकं खातोय तो वयाचा प्रश्न. बहुतेक घरांत पिवळा चॅनल जास्त चालतो, पांढरा कमी. म्हणजे पिवळा आधी मंद होणार आणि चार-पाच वर्षांनी 'काम'चं बटण दाबलं की ठरलेल्या ४००० पेक्षा निळसर उजेड पडणार. चालू तासांची नोंद ड्रायव्हरमध्ये ठेवून त्या हिशोबाने प्रमाण बदलायचं, असं आमच्या पोऱ्यांनी सुचवलंय. एक पट्टी बाकावर रात्रंदिवस फक्त पिवळ्यावर चालू ठेवली आहे, मीटर अधूनमधून लावतो.