बर्फाची चिक्की

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आमच्या चिरंजीवांना गोळा खायची हुक्की आली आणि बायकोने तिथल्या तिथे जाहीर केलं की रस्त्यावरचा नाही मिळणार, तो बर्फ कुठल्या पाण्याचा असतो देव जाणे, पाहिजे तर घरी करा. 'करा' म्हणजे मी करायचं, हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही.

तिचं अगदीच चुकत होतं असं नाही म्हणा. जो बर्फ खायचा नसतो, म्हणजे मासळीबिसळी ठेवायचा, त्यात निळा रंग टाकायचा असा नियम 2018 साली महाराष्ट्रात आला, का तर दोन बर्फ ओळखू यावेत. पण गोळ्यावर एकदा काला खट्टा ओतला की खाली निळं होतं का पांढरं हे सांगणार कोण?

तर सरबताची बाटली आणली, आईस्क्रीमच्या काड्या धुऊन ठेवलेल्या होत्याच (आमच्या घरात काहीही टाकलं जात नाही, त्याचं कारण पुढे येईलच), आणि फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढला. मला वाटलेलं पाच मिनिटांचं काम. बर्फ चुरायचा, त्यात काय.

पहिला प्रयोग अर्थातच मिक्सर. चटणीच्या भांड्यात आठ-दहा खडे टाकले, झाकण दाबून धरलं आणि बटण फिरवलं. जो काही आवाज झाला तो मी लिहू शकत नाही, ओट्यावरचे चमचे सुद्धा थरथरले. मुलगा कानावर हात ठेवून हॉलमध्ये पळाला. उघडून बघतो तर खाली ब्लेडभोवती पाणी-पाणी, आणि वर दोन खडे जसेच्या तसे, एक तर वाकडा होऊन ब्लेडखाली असा अडकलेला की तो चमच्याच्या दांड्याने काढेपर्यंत विरघळला.

मग खलबत्ता काढला. आमचा खलबत्ता लोखंडी, आजीचा, त्यात वेलदोड्यापासून सुंठीपर्यंत सगळं शरण येतं. बर्फ नाही आला. फ्रीजरमधून ताजा काढलेला खडा म्हणजे उणे अठराच्या आसपास असतो, कोरडा, टणक, बत्ता बसायच्या आधी निसटतो आणि थेट गॅसच्या शेगडीमागे जाऊन पडतो. दोन तिकडे गेले, एक माझ्या कपाळावर आला. आणि जे फुटले त्यांना वेलदोड्याचा वास. काला खट्टा विथ वेलची, बायको म्हणाली, नवीन फ्लेवर.

तिसरा, पंचा. खडे पंच्यात गुंडाळले, पंचा जमिनीवर ठेवला आणि वरवंट्याने हाणायला सुरुवात केली. हा प्रकार खरं तर चांगला आहे, कापड सुटलेलं पाणी शोषून घेतं आणि चुरा कोरडा राहतो, बारमधले लोक यासाठी कॅनव्हासची पिशवी आणि लाकडी हातोडा वापरतात ते काही उगीच नाही. पण आम्ही गोरेगावात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि दुपारचे अडीच वाजलेले. सहाव्या की सातव्या ठोक्याला बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका, बनियनवर. "काय हो, लादी बसवताय का?" मी म्हटलं, "नाही काका, फोडतोय." त्यांना काही कळलं नाही आणि मीही जास्त समजावलं नाही.

हे सगळं होईस्तोवर ट्रे संपला होता, आणि वाटीत जमलेला चुरा साधारण एका उंदराला गोळा होईल इतका.

हरलेला माणूस आठवणीत शिरतो तसा मी शिरलो. लहानपणी बाबा आम्हाला गिरगाव चौपाटीला न्यायचे, तिथला एक गोळेवाला माझ्या डोळ्यासमोर अजून आहे. गाडीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी, तिचा एक तुकडा टोच्याने काढायचा, आणि मग रंधा. सुताराचाच रंधा, फक्त उलटा ठोकलेला, पातं वर. सुतार लाकडावर रंधा फिरवतो, हा रंध्यावर बर्फ फिरवायचा. तळहाताखाली फडकं, खर्र खर्र असे चार-पाच हात मारले की खाली दुसऱ्या हाताच्या ओंजळीत पांढराशुभ्र कीस. तो काडीभोवती दाबायचा, पेल्यात घालून आणखी एकदा दाबायचा, उपडा करून काढायचा आणि भोक पाडलेल्या बुचाच्या बाटलीने सपासप रंग. मी तेव्हाही बघायचो की तो बर्फ कधी ठोकत नाही, किसतो. पण बघणं आणि कळणं यात माझ्या बाबतीत नेहमीच तीस-एक वर्षं जातात.

एक गंमत माहीत आहे का, या शहरात बर्फ पहिल्यांदा आला तो अमेरिकेतून. बोस्टनकडच्या तळ्यांवर थंडीत जमलेला बर्फ करवतीने कापायचा, भुशाबिशात बांधायचा आणि जहाजात भरून पाठवायचा. 1833 साली असं पहिलं जहाज कलकत्त्याला आलं, चार महिने समुद्रात, आणि निघालेल्या 180 टनांतला साधारण 100 टन बर्फ शाबूत पोचला. पुढच्या वर्षी मुंबई. जमशेटजी जीजीभॉयनी मेजवानीत आईस्क्रीम ठेवलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, त्याची बातमी मुंबई समाचारात आली म्हणतात. (हा भाग मी घरी सांगत नाही, गोळा कायमचा बंद होईल.) चार महिने, विषुववृत्त ओलांडून! आणि माझा बर्फ फ्रीजपासून ओट्यापर्यंत टिकेना.

कारण तेच आहे. मोठी लादी वितळायला वेळ घेते कारण आतल्या बर्फाच्या मानाने तिचं अंग हवेला कमी लागतं. तीन सेंटीमीटरचा एक खडा घ्या आणि तीन मिलिमीटरचे हजार तुकडे करा, बर्फ तेवढाच पण उघडं अंग दहापट. म्हणून चुरा सरबत पटकन गार करतो आणि तितक्याच पटकन पळतो. म्हणजे चुरायचं तर एका दमात, मिक्सर, मग खलबत्ता, मग पंचा असं दुकानं फिरल्यासारखं नाही.

इतका वेळ आई खिडकीशी बसून लसूण सोलत होती. ती बोलत नव्हती हे मला लक्षात यायला हवं होतं.

"चिक्की पातळ का लाटतात रे?" ती म्हणाली.

मी म्हटलं आई, आत्ता चिक्की कुठे.

"जाड राहिली तर फोडायला वरवंटा लागतो. पातळ लाटली की हाताने मोडते. तू बर्फ आधी जाड करतोस आणि मग त्याच्याशी मारामारी करतोस."

मी गप्प. ती उठली, खालच्या खणातून सुक्यामेव्याची झिपवाली रिकामी पिशवी काढली (धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेली, सांगितलं ना काही टाकत नाही), त्यात पेलाभर पाणी ओतलं, हवा काढून झिप लावली आणि फ्रीजरमध्ये आडवी ठेवून दिली. अशा तीन.

दीड-दोन तासांनी पहिली काढली. भाकरीएवढी जाड, काचेसारखी. तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि पापड मोडावा तशी मोडली, कडाड. मग पुन्हा मोडली, पुन्हा. पिशवी ओट्यावर ठेवून वरून लाटणं फिरवलं, ठोकलं नाही, फिरवलं. आवाज कुरकुरीत शेव चावल्यासारखा, खालच्या काकांपर्यंत काही गेला नसणार. अर्ध्या मिनिटात पन्ह्यात, सरबतात घालायला उत्तम चुरा. गोळ्यासाठी अजून बारीक हवा म्हणून हेच चपटे तुकडे मिक्सरला लावले, दोनदा फक्त उलट्या बाजूला बटण टकटक, भांडं आधी फ्रीजरमध्ये गार केलेलं. एकही अडकला नाही. आणि मिनिटभर थांबायचं, किंचित पाणी सुटलं की मगच गोळा बांधला जातो, एकदम कोरडा असला तर काडीवरून घसरतो, हे मात्र माझं संशोधन.

ज्यांच्याकडे पिशवी जमवायला वेळ नाही, पाहुणे दारात आहेत, त्यांच्यासाठी अजून एक. खडा डाव्या तळहातावर घ्या, वर चमचाभर साधं पाणी टाका, तो आपोआप तडकतो, ते ऐकू येतं सुद्धा, आणि मग जड डावाच्या पाठीने एक फटका. बर्फ फुटतो, हात नाही. एका ग्लासापुरतं ठीक आहे, सहा ग्लासांना हात बधिर होतो.

तर आता आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पाकिटावर कायम दोन पिशव्या आडव्या असतात. मटार सपाट नसतात, त्यामुळे बर्फाच्या एका बाजूला गोल गोल खड्डे उमटतात. मुलाला आता गोळा नकोच असतो, तो ती लादी न फोडता ताटलीत घेतो आणि एकेका खड्ड्यात ड्रॉपरने काला खट्टा भरत बसतो.