मोसेला मी पुन्हा पुन्हा का जाते

फ्लोरिडात आमच्याकडे पाहुणे आले की सेंट ऑगस्टीनचा दगडी किल्ला दाखवते आणि मग दोन मैल उत्तरेला मोसे या जुन्या किल्ल्याच्या जागी नेते. तिथं प्रश्न ठरलेला : "इथं बघायला आहे काय? आणि तुझा काय संबंध?"

मूळ किल्ल्याच्या जागी दलदल आहे. १७३८चा किल्ला त्यातच गेला. कॅरोलिना या इंग्रज वसाहतीच्या मळ्यांतली गुलामगिरी सोडून पळून आलेल्या, स्पेनच्या राज्यात मोकळ्या झालेल्या आफ्रिकी माणसांचा किल्ला. मातीच्या भिंती, भोवती खंदक. संबंध विचाराल तर रक्ताचा नाही. पण रायगडावर निघालेल्याला कुणी असं विचारत नाही, हे मला खुपतं.

पूर्वी मी लढाई रंगवून सांगायचे. १७४० साली जॉर्जिया या इंग्रज वसाहतीचा प्रमुख ऑगलथॉर्प चालून आला. मोसेच्या लोकांना स्पेनच्या ताब्यातल्या सेंट ऑगस्टीन शहराच्या आश्रयाला जावं लागलं, रिकाम्या किल्ल्यात इंग्रज शिरले. २६ जूनला उजाडायच्या आत स्पॅनिश सैनिक, त्यांच्या बाजूचे मूळ रहिवासी आणि कप्तान फ्रान्सिस्को मेनेंदेझची मोसेची माणसं त्यांच्यावर तुटून पडली. ती माणसं आपल्याच घरावर चाल करून गेली होती! सत्तरएक इंग्रज पडले, त्यांचा कर्नल पामरही. जुलैत शहराचा वेढा उठला. जिंकले, असं म्हणून मी थांबायचे.

एकदा बाबा आले होते. जन्मभर सह्याद्रीतले गड चढलेला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग घरी परतले कधी?"

मला सांगता येईना. घरी येऊन वाचत बसले. किल्ला त्या लढाईतच उद्ध्वस्त झाला होता. नवा उभा राहिला १७५२ मध्ये. बारा वर्षं! तेव्हाही पुन्हा हल्ला होईल या भीतीनं कित्येकांना तिथं जायचं नव्हतं, गव्हर्नरनं जबरदस्तीनं पाठवलं. मेनेंदेझनं राजाकडे बक्षिसासाठी अर्ज केले आणि मग तो समुद्रावर गेला. १७४१ मध्ये इंग्रजांनी त्याला पकडलं, मोसेचा सूड म्हणून दोनशे फटके मारले, बहामात नेऊन गुलाम म्हणून विकलं. तो परत आला, पुन्हा मोसेचा कप्तान झाला. हे सगळं मी इतकी वर्षं गाळत होते.

'स्पेननं मुक्त केलं' हे वाक्यही आता माझ्या तोंडून सरळ निघत नाही. त्याच शहरात गुलाम होते. मोसे वसवलं उत्तरेच्या, इंग्रज येतील त्या वाटेवर, म्हणजे पहिला घाव त्यांच्यावर. मग ते स्वातंत्र्य खोटं होतं का? मुलाबाळांसह दलदली तुडवत आलेल्यांना मी असं कोणत्या तोंडानं सांगू?

१७६३ मध्ये फ्लोरिडा इंग्रजांकडे गेली आणि मोसेची माणसं जहाजानं क्यूबाला निघून गेली. घर दुसऱ्यांदा सुटलं. बाबांना हे फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पुढच्या वेळी आलो की परत जाऊ तिथं."