आतली कडी

रात्री दिवे मालवले की आमच्याकडे हमखास एक प्रश्न येतो, "कडी लावली का रे?" लावलेली असते. तरी उठून बघायचं. आजी तर तीनदा बघायची, आणि वर म्हणायची, "चोर बाहेरून येतो, पण दार आतूनच उघडतं." तेव्हा हसायचो. मग एकदा मारिया सेचीची गोष्ट वाचली.

ही 1610 साली जन्मलेली हंगेरीची सरदारकन्या. पहिला नवरा इश्तवान बेथलेन, ट्रान्सिल्व्हेनियाच्या राजाचा पुतण्या. पाच-सहा वर्षांत तो गेला. दुसराही इश्तवानच, आडनाव कुन. त्याचं घर तिनं सरळ सोडलं आणि घटस्फोट घेतला. सतराव्या शतकात, बरं का! लोक काय म्हणाले असतील याची कल्पना आपल्याला वेगळी करायला नको.

माहेरचा वाटा म्हणजे मुरान्यचा किल्ला. आज तो स्लोव्हाकियात आहे. उंची 935 मीटर, म्हणजे आपल्या तोरण्यापुढे ठेंगणाच, पण कडे सरळसोट. 1644 मध्ये तो तिच्या मेहुण्याच्या ताब्यात होता आणि मेहुणा व्हिएन्नाच्या बादशहाच्या (हंगेरीचा राजाही तोच) विरोधकांकडचा. बादशहाच्या बाजूचा फ्युलेकचा किल्लेदार फेरेन्त्स वेशेलेन्यी याला तो हवा होता. मारियालाही हवा होता. दोघांची चोरून पत्रापत्री सुरू झाली. पहारेकऱ्यांना तिनं भरपूर दारू पाजली म्हणतात. ऑगस्टमधल्या एका रात्री दोराची शिडी खाली सुटली, वेशेलेन्यीची माणसं वर आली, किल्ला पडला आणि लग्न लागलं.

याला फितुरी म्हणायचं का? किल्ल्यात तिचाही हिस्सा होता. स्वतःच्याच घराचं दार उघडलं, एवढंच. मला खटकतं ते वेगळंच. वेशेलेन्यीची पहिली बायको झोफिया त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वारली होती. गोरगरिबांना जेवू घालणारी बाई ती. जाऊन चार महिनेही झाले नव्हते, आणि नवरा शिडी चढत होता.

वेशेलेन्यी 1655 मध्ये पॅलॅटिन झाला, म्हणजे राजाच्या खालोखालचा मान. त्याच्याच पदरी असलेल्या ग्याँग्यॉशी नावाच्या कवीनं मुरान्यच्या त्या रात्रीवर लांबलचक काव्य रचलं, मारियाला थेट प्रेमदेवता व्हीनस केलं आणि 1664 मध्ये ते छापलं. (हाही इश्तवानच! तिच्या नशिबात ते नाव फार.) धन्याचंच लग्न असल्यावर कवी दुसरं काय लिहिणार?

पुढे वेशेलेन्यी बादशहावरच उलटला, पण कट बाहेर फुटण्याआधीच 1667 मध्ये वारला. निस्तरायला मारिया उरली. 1670 मध्ये बादशहाची फौज मुरान्यखाली येऊन उभी राहिली. या वेळी शिडी नाही, चोरून पत्रं नाहीत. साठीच्या बाईनं किल्ला त्यांच्या हवाली केला आणि कैदी होऊन व्हिएन्नाला गेली.

काव्य छापून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती.