हायवे १२ वर ट्रेलर घेऊन: ब्राइस ते कॅपिटल रीफ

अमेरिकेतल्या यूटा राज्यातला हायवे १२ ट्रकला राहण्याचा ट्रेलर जोडून करता येतो का? येतो. हा सव्वाशे मैलांच्या आतला रस्ता पँग्विचजवळ हायवे ८९ ला फुटतो आणि टोरीला संपतो. वाटेत रेड कॅन्यन, ब्राइस राष्ट्रीय उद्यान, एस्कलांटे आणि बोल्डर ही गावं लागतात आणि टोरीच्या पुढे थोड्याच अंतरावर कॅपिटल रीफ राष्ट्रीय उद्यान. घाट आहेत, लांबलचक उतार आहेत, एका ठिकाणी दोन्ही बाजूंना दरी आहे. पण रस्ता उत्तम आहे आणि आमचा २२ फुटी, दोन ॲक्सलचा जुना ट्रेलर त्यावरून व्यवस्थित गेला. खरी परीक्षा झाली ती गेल्या हिवाळ्यात घरीच केलेल्या फेरफारांची. काही पास झाले, काही नुसतेच फोटोत छान दिसतात.

फेरफारांआधी वजन. दाराजवळ किंवा पुढच्या बाजूला कारखान्याचं स्टिकर असतं, त्यावर सामानाची कमाल मर्यादा लिहिलेली असते. तुम्ही नंतर लावलेलं प्रत्येक कपाट, प्रत्येक बॅटरी त्या आकड्यातून वजा होते, आणि पाणीसुद्धा. एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशे पौंडांच्या वर गेलात. ट्रकस्टॉपवरच्या काट्यावर ट्रक आणि भरलेला ट्रेलर जोडून एकदा आणि ट्रेलर सोडून एकदा वजन करा. चार पैसे आणि दहा मिनिटं जातात, पण अंदाज बांधणं थांबतं. हिचवर, म्हणजे ट्रक आणि ट्रेलरच्या जोडावर, येणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. तो कमी पडला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. आम्ही मागचा वरचा बंक (झोपायची फळी) काढून तिथे कप्पे केले, आणि म्हणूनच त्यात उशा, पांघरुणं, कपडे एवढंच ठेवतो. हत्यारं, पाण्याचे पाइप, लेव्हलिंगचे ठोकळे सगळे पुढे.

रेड कॅन्यनमध्ये लाल खडकात कोरलेले दोन छोटे बोगदे लागतात. तिथे फोटोसाठी मध्येच थांबू नका, ट्रेलर लावता येईल अशी जागा बघून मग बाजूला घ्या. पुढे ब्राइस. कॅम्पग्राउंड साधारण ८,००० फुटांवर आहे, हुकअप (जागेवरच वीज-पाण्याची जोडणी) नाहीत, आणि सप्टेंबरच्या अखेरीस रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जाऊ शकतो. आमच्या मुक्कामात तो गेलाच. ट्रेलरची वीज पुरते की नाही, ते इथे कळतं.

हिशेब सांगते. आमच्या फर्नेसचा (ट्रेलर गरम ठेवणाऱ्या गॅस हीटरचा) पंखा सुमारे ७ अँपिअर ओढतो. दहा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ चालला, तरी ३५ अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांची जुनी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा खाली नेऊ नये असं म्हणतात, म्हणजे हाताशी ५० च. त्यातून दिवे, पंप, गॅसचा अलार्म वजा करा. पहाटे फर्नेस कुंथायला लागणारच. म्हणून आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घातली. वजन निम्म्याहून कमी, आणि जवळजवळ सगळी क्षमता वापरता येते. पण ती ० अंश सेल्सियसच्या खाली चार्ज करायची नसते. ती हिचजवळच्या उघड्या खोक्यात राहिली असती तर सकाळच्या कोवळ्या उन्हाचा काही उपयोग झाला नसता. आतल्या बाकाखाली बसवली, बॅटरीला खेटून फ्यूज लावला आणि जुना कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारी पेटी) बदलून लिथियमला चालेल असा घेतला. हा शेवटचा भाग लोक विसरतात. जुना कन्व्हर्टर बहुधा बॅटरी पूर्ण भरतच नाही आणि मग दोष बॅटरीला दिला जातो.

छतावरच्या सौर पॅनेलचं मात्र ब्राइसमध्ये हसं झालं. कॅम्पग्राउंड पाँडेरोसा पाइनच्या दाट सावलीत आहे. दुपारी तासभर ऊन आलं तर आलं. आता पुन्हा करायचं झालं तर मी छताला एकही भोक न पाडता घडीचं पॅनेल आणि लांब वायर घेईन, ऊन जिथे असेल तिथे पॅनेल न्यायचं. जनरेटर चालतो, पण ठरलेल्या वेळातच, आणि शेजाऱ्यांचे चेहरे बघवत नाहीत.

थंडीत पाण्याचा पाइप बाहेर जोडून झोपू नका. टाकी भरून घ्या, पाइप रिकामा करून गुंडाळा, रात्रभर आतल्या पंपावर भागवा. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवली की नळांपर्यंत ऊब पोहोचते. छताच्या झरोक्याला १४ बाय १४ इंचाची फोमची उशी बसते. सगळ्या फेरफारांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणी. फक्त गॅस चालू असताना एखादी खिडकी बोटभर उघडी हवीच, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का ते निघण्याआधी बटण दाबून बघायचं.

एस्कलांटेनंतरचा पट्टा या रस्त्याचा मुकुटमणी. खडकाच्या लाटांमधून रस्ता एस्कलांटे नदीपर्यंत उतरतो, काफ क्रीकपाशी पुन्हा चढतो आणि हॉग्सबॅकवर येतो. इथे दोन्ही बाजूंना सरळ कडे आणि कठडा जवळपास नाहीच. ट्रेलर ओढायचं काम माझं, आणि मला विचाराल तर भीती वाटते ती शेजारी बसलेल्याला. गाडी चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली आणा, इंजिनाला गाडी धरू द्या; ब्रेक सतत दाबून न ठेवता अधूनमधून ठामपणे दाबून सोडा. ट्रेलर डोलायला लागलाच तर ट्रकचा ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या पेटीची) दांडी हलकेच दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ही दांडी कुठे आहे ते हाताला अंधारातही कळलं पाहिजे. रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करा.

काफ क्रीकचा १२६ फुटी धबधबा चुकवू नका, पण ट्रेलर घेऊन तिथे वळू नका. पार्किंग चिमुकलं आहे आणि सकाळीच भरतं. ट्रेलर एस्कलांटेला मुक्कामी ठेवून नुसता ट्रक घेऊन या. जाऊन-येऊन सहा मैल, बराचसा वाळूतून, पाणी भरपूर न्या.

बोल्डरनंतर रस्ता ९,६०० फुटांपर्यंत चढतो. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे अंदाजे ३ टक्के ताकद गमावतं, त्यामुळे वर पाव भागाहून जास्त जोर गेलेला असतो. आमचा ट्रक कण्हत का होईना, चढला. मागे गाड्या साठल्या की बाजूला थांबायचं, त्यात कमीपणा नाही. पेट्रोल एस्कलांटेलाच भरून घ्या आणि नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, मधल्या पट्ट्यात सिग्नलचा भरवसा नाही.

कॅपिटल रीफमधलं फ्रूटा कॅम्पग्राउंड म्हणजे तांबड्या कड्यांच्या कुशीतली फळबाग. १८८० च्या दशकात आलेल्या मॉर्मन पंथाच्या कुटुंबांनी लावलेल्या बागा अजून राखल्या आहेत, हंगामात फळं स्वतः तोडून विकत घेता येतात. ७१ साइट, हुकअप नाहीत, पिण्याचं पाणी आणि डम्प स्टेशन (ट्रेलरचं सांडपाणी सोडायची जागा) आहे. बुकिंग उघडल्या उघडल्या करा आणि साइटची लांबी वाचूनच करा. ग्रँड वॉश आणि कॅपिटल गॉर्जच्या कच्च्या रस्त्यांवर ट्रेलर न्यायचा नाही; आभाळ भरलेलं असेल तर ट्रकही नको, त्या घळींमध्ये अचानक पूर येतो.

आमच्या दुसऱ्या रात्री इथे धो धो पाऊस झाला आणि आत एक थेंब आला नाही. या एका गोष्टीचा मला बाकी सगळ्या फेरफारांपेक्षा जास्त आनंद आहे. ट्रेलर मरतो तो पाण्याने. झरोका, अँटेना, कोपऱ्यातल्या पट्ट्या, वरचे छोटे दिवे, जिथे जिथे स्क्रू आहे तिथून पाणी शिरतं, आतलं लाकूड कुजतं आणि बाहेरची भिंत फुगल्यावरच आपल्याला कळतं. वर्षातून दोनदा छतावर चढा, पाय नाही तर गुडघे टेकून, वजन पसरून. भेगाळलेलं सीलंट (सांधे बुजवणारा लेप) प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, जागा पुसून कोरडी करा, आडव्या जागी आपोआप पसरणारं आणि उभ्या जागी न ओघळणारं लॅप सीलंट लावा. सीलंट छताच्या जातीला चालणारं हवं, ईपीडीएम आणि टीपीओ ही छताच्या आवरणाची दोन वेगळी मटेरियल. पट्टी किंवा दिवा पुन्हा बसवताना खाली ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी) घाला. घरातलं सिलिकॉन चुकूनही नको. त्यावर नंतर दुसरं काही चिकटत नाही. आतून कोपऱ्यांवर अंगठा दाबून बघायची सवय लावा. भिंत मऊ लागली की रंग, पडदे, वॉलपेपर सगळं बाजूला ठेवा.

टायरचं थोडक्यात. तळ किती झिजला ते बघू नका, वय बघा. बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. ट्रेलरचे टायर पाच-सहा वर्षांत बदलावेत, नक्षी नवी दिसली तरी. हवा सकाळी टायर थंड असताना भरा. चाक काढून लावलं असेल तर १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क रेंचने नट तपासा. बेअरिंगला वर्षाला किंवा १२,००० मैलांना नवं ग्रीस.

आतल्या सुतारकामात एकच पथ्य: भिंतीचं प्लायवुड जेमतेम पाव इंचाच्या आत असतं, त्यात घातलेला स्क्रू पहिल्या खडबडीत रस्त्यावर निघतो. चुंबक फिरवून आतल्या चौकटीचे खिळे शोधा आणि तिथेच शेल्फ ठोका.

निघताना डम्प स्टेशनवर आधी ब्लॅक टँक (टॉयलेटची टाकी), मग ग्रे (सिंक-शॉवरच्या पाण्याची), म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. परतल्यावर लगेच हिवाळ्याची तयारी केली: वॉटर हीटर थंड करून रिकामा, त्याला वगळणारा बायपास व्हॉल्व्ह फिरवलेला, बाकी नळांतून गुलाबी अँटिफ्रीझ (पाइप गोठू न देणारा द्रव) येईपर्यंत पंप चालू. शॉवर आणि टॉयलेटचा नळ यात राहून जातो, तेवढं लक्षात ठेवा.