आधी वाचा, मग घासा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी दादरला भाजी घेत होतो. "मामा, शिवडीच्या गोदामात एक जुना गिअरबॉक्स मिळालाय. आमच्या गाडीचाच की दुसऱ्या कुठल्या, कळत नाही. पोरगा घासतोय, चकाचक झाला की फोटो पाठवतो." मेथीची जुडी तशीच टाकून मी म्हटलं, "आधी त्याच्या हातातला वायर ब्रश काढून घे. निघालोच मी."

कुर्ल्याला प्रीमियरच्या टूलरूममध्ये माझी २८ वर्षं गेली. नंबर पंच आणि हातोडी घेऊन किती डायांवर आकडे ठोकले त्याचा हिशेब नाही. गिअरबॉक्सवरही असेच आकडे ठोकलेले असतात, तो कुठल्या गाडीचा ते त्यांच्यावरून कळतं. ठोकलेला आकडा नखाला जाणवेल इतपतच खोल असतो, आणि अ‍ॅल्युमिनियम मऊ. ब्रशचे दहा हात त्याच्यावर फिरले की तो गेलाच म्हणून समजा.

गाडी १९६९ ची, जनरल मोटर्सची शेवरले कॅमारो. शिवडी म्हटलं की जाणत्यांना वाटतं, ही इथेच जुळवलेली असणार, कारण जनरल मोटर्सचा कारखाना इथे १९२८ पासून होता. पण तो १९५४ ला बंद पडला. ही गाडी आली दूतावासातल्या कुणा साहेबाबरोबर, आणि एसटीसीच्या, म्हणजे सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावातून ती आताच्या मालकांच्या वडिलांनी घेतली. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा तिच्यात डिझेल इंजिन बसलं आणि त्याच्याच जोडीचा गिअरबॉक्स. मूळचं व्ही-एट भंगारात गेलं. उरला तो लाकडी खोक्यातला फोर-स्पीड, म्हणजे चार गिअरचा गिअरबॉक्स, आणि तोही 'इम्पालाचा, दुसऱ्याच शेवरलेचा आहे' असं कुणीतरी मालकांच्या डोक्यात भरवलेलं. हे मालक, आमचे काका, आता सत्तरीत आहेत. गाडी वडिलांच्या वेळी होती तशी करायची, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतलाय.

आपल्याकडे आरसी बुकात चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो. गिअरबॉक्सचा नंबर कुणी विचारत नाही. म्हणून गिअरबॉक्स या गाडीतून त्या गाडीत बिनबोभाट जातात आणि मागे राहतात नुसत्या ऐकीव गोष्टी.

गिअरबॉक्स बाकावर घेतला. बाजूच्या झाकणाला सात बोल्ट. झाकणात दोनच लिव्हर, रिव्हर्सचा लिव्हर मागच्या हाउसिंगमध्ये. केस अ‍ॅल्युमिनियमची. म्हणजे मन्सी, जनरल मोटर्सच्या मन्सीच्या कारखान्यातला गिअरबॉक्स, एवढं बघताक्षणी कळलं. बोर्ग-वॉर्नरच्या टी-१० ला झाकणाचे नऊ बोल्ट असतात, आणि सॅगिनॉच्या फोर-स्पीडला तिन्ही लिव्हर झाकणातच, शिवाय केस बिडाची. केसच्या अंगावर उठावदार आकडा होता ३९२५६६०. ही केस १९६८ ते १९७० मधली. बरेच जण एवढ्यावरच खूश होतात आणि 'ओरिजिनल' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. उठावदार आकडा साच्यातून येतो, त्या साच्यातल्या प्रत्येक केसवर तोच असणार. त्यावरून जात कळते. गाडी कळायला ठोकलेले आकडे वाचावे लागतात.

ते उजव्या अंगाला होते, तेल आणि मातीच्या थराखाली. रॉकेल, जुना टूथब्रश, मऊ फडकं. दुसरं काही लागत नाही. मग गोदामातला दिवा घालवला आणि बॅटरी केसला जवळजवळ चिकटवून आडवी धरली. उजेड आडवा पडला की खड्ड्यात सावली भरते आणि आकडे आपसूक वर येतात.

पहिली ओळ: पी ९ डी १४ बी. पी म्हणजे मन्सीचा कारखाना, ९ म्हणजे १९६९. महिन्यांची अक्षरं सरळ ओळीने नाहीत, तिथेच लोक फसतात. जानेवारी ते मे ए, बी, सी, डी, ई. पुढे जूनपासून एच, के, एम, पी, आर, एस, टी. आपला डी म्हणजे एप्रिल. १४ एप्रिल १९६९. घरी येऊन पंचांग लावलं तर सोमवार निघाला, कामाचा वार. शेवटचं बी म्हणजे मन्सीचा एम-२१ हा प्रकार, जवळच्या रेशोचा, म्हणजे एका गिअरपासून दुसऱ्यातलं अंतर कमी असलेला. ए असता तर एम-२०, सी असता तर एम-२२.

अक्षरावर विसंबलो नाही. पुढच्या शाफ्टवर एकच खाच होती, एम-२१ ला असते तशी. एम-२० ला दोन असतात आणि एम-२२ ला एकही नाही. पण शाफ्ट बदललेला असू शकतो. म्हणून पहिला गिअर टाकला, शाफ्टवर खडूची रेघ मारली आणि भाच्याला हाताने फिरवायला लावला. मागचा शाफ्ट एक फेरा पुरा करेपर्यंत पुढचा दोन फेरे आणि वर साधारण पाचवा हिस्सा फिरला. २.२०. एम-२० असता तर अडीच फेरे लागले असते.

आता दुसरी ओळ, खरी महत्त्वाची: १ ९ एन ६, आणि पुढे पाच आकडे. ते मी इथे देत नाही. १ म्हणजे शेवरले, ९ म्हणजे साल, एन म्हणजे ओहायोतला नॉरवुडचा कारखाना, आणि नंतर त्या गाडीचा क्रमांक. पहिली ओळ गिअरबॉक्स बनला तिथे, इंडियानातल्या मन्सी गावात ठोकलेली; दुसरी गाडी जुळली तिथे. कारखाने दोन, पंचही दोन. इथे अक्षरांची उंची वेगळी होती, दुसरी ओळ जराशी तिरकी होती, आणि ते बघून माझा जीव भांड्यात पडला. दोन्ही ओळी एकाच पंचाच्या, एका रेषेत आणि खालचा पृष्ठभाग घासून सपाट केलेला, असं दिसलं असतं तर मी हात जोडून घरी गेलो असतो.

घोळ एका आकड्यात होता. ब्रश नेमका तिथे फिरला होता. ३ की ८? डॅशबोर्डावरची गाडीच्या नंबराची पट्टी बघायला भाचा धावत सुटला, त्याला थांबवलं. उत्तर आधी पाहिलं की डोळे तेच वाचतात. आरटीओसाठी चेसिसचा छाप काढतात तसा बटरपेपर लावून पेन्सिल घासली, तीन वेळा. दोघांनी एकमेकांना न दाखवता आकडा लिहिला. त्याने ३ लिहिला. मी ८, कारण डावीकडे वरच्या गोलाची बारीकशी कड कागदावर उठली होती.

मग पट्टी वाचली. १२४३७९एन६... आठच होता. बाकीचे आकडेही जुळले. इंजिनापाठच्या पत्र्यावरच्या पट्टीवर ०५ए, म्हणजे मेचा पहिला आठवडा. सोमवारी बनलेला गिअरबॉक्स तीन आठवड्यांत या गाडीखाली लागला होता.

काकांनी तो बटरपेपर कितीतरी वेळ हातात धरला. "म्हणजे बाबा हेच गिअर टाकायचे?" त्यांनी विचारलं. "हेच," मी म्हटलं. कागद त्यांनी आरसी बुकाच्या प्लॅस्टिकमध्ये सरकवला.

येत्या रविवारी गिअरबॉक्स उघडायचाय. बेअरिंग आणि सिंक्रो रिंगा बघायच्यात, केस धुवायचीय. दोन्ही ओळींवर मास्किंग टेप लाव, असं त्या ब्रशवाल्या पोराला सांगून निघालो. दाराशी वळून पाहिलं तर तो टेपचा दुसरा थर लावत होता.