पॅरिसच्या चौकातला सेंटॉर

पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या तीरावर, सेव्र आणि शेर्श-मिदी हे रस्ते जिथे एकत्र येतात त्या मिशेल दब्रे चौकात, उंच दगडी चौथऱ्यावर सेझार बाल्दाचिनी या शिल्पकाराचा कांस्याचा सेंटॉर १९८५ पासून उभा आहे. सेंटॉर म्हणजे कमरेपर्यंत माणूस आणि खाली घोडा. ग्रीक पुराणांतले बहुतेक सेंटॉर आडदांड, लग्नाच्या मेजवानीत नवरीलाच पळवू पाहणारे. अकिलीस या वीराला शिकवणारा ज्ञानी कायरॉन हा त्यांच्यातला अपवाद. हा सेंटॉर मात्र मला या दोन्ही परंपरांपेक्षा वेगळा वाटला.

समोरून पाहिले की आधी चेहरा नजरेत भरतो. तो दाढीवाल्या सेझारचा स्वतःचाच आहे आणि शिरस्त्राणाची झडप वर उचलावी तसा पिकासोचा मुखवटा त्याने कपाळावर सरकवलेला आहे. पिकासो १९७३ साली गेला. आयुष्यभर सेंटॉर आणि मिनोटॉर (बैलाचे डोके असलेला माणूस) रेखाटणाऱ्या त्या कलावंताला वाहिलेली ही आदरांजली आहे. पण गुरुस्थानी असलेल्या माणसाचा मुखवटा वर करून त्याखालून आपला चेहरा दाखवणे, यात नम्रता आणि अभिमान दोन्ही एकत्र आले आहेत, असे मला वाटते. छातीच्या धातूत स्वातंत्र्यदेवतेची एक चिमुकली मूर्ती बसवली आहे. ती रस्त्यावरून सहज दिसत नाही, नेमके ठाऊक असेल तरच सापडते.

खरी श्रीमंती मागच्या बाजूला आहे, आणि बहुतेक पर्यटक तिथवर जातच नाहीत. घोड्याच्या शेपटीच्या जागी फावडी आणि दाताळी यांसारखी अवजारे उभी राहिली आहेत. मार्सेयमध्ये १९२१ साली जन्मलेल्या सेझारला उमेदीच्या काळात संगमरवर परवडत नव्हता, म्हणून तो भंगारातले लोखंड वेल्डिंगने जोडून शिल्पे घडवू लागला. पिकासोनेही १९४२ साली सायकलचे सीट आणि हँडल जोडून बैलाचे मुंडके केले होते. हे लक्षात घेतले की ती शेपटी नुसती गंमत उरत नाही. पुढे पिकासोचा मुखवटा आणि मागे दोघांनीही वापरलेली रीत, अशी ती आदरांजली पूर्ण होते.

मोंपार्नास दफनभूमीत सेझारच्या थडग्यावरही याच सेंटॉरची लहान प्रतिकृती आहे. वेळ असेल तर दोन्ही एकाच दिवशी पाहावीत, पण आधी चौकातले पाहावे आणि पाहताना चौथऱ्याला पूर्ण फेरी मारावी.